हौ, नक्को आणि भ्र.

“भ्रतार! भ्रतार! मोबाईल न्हाई हो, भ्रतार!”

अव्वल कारकून साहेब फोनमध्ये असे ओरडत होते की वाचनालयाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली ती थेट परभणीला जाऊन बसली.

“नवरा म्हणतात त्याला साध्या मराठीत! तुमचं लग्न झालंय का? झालंय ना? मग तुमी सोता भ्र. आहात!”

पलीकडे नांदेडचा छपाईवाला होता. त्यानं पाठवलेला नमुना टेबलावर पडला होता आणि त्याच्याभोवती आम्ही कमिटीतली माणसं अपघाताभोवती जमतात तशी गोळा झालो होतो. वसमतमध्ये ज्या बायांनी पहिल्यांदा काहीतरी केलं आणि ज्यांचं पुढं कुणी नाव घेतलं नाही, त्यांची वाचनालयाच्या बाहेरच्या भिंतीवर एक ओळ लावायची, अकरा फलक, महिला दिनाला उद्घाटन, असं ठरलं होतं. अध्यक्ष साहेबच. तहसिलीत उभा जन्म काढलेला माणूस. निवृत्त झाले तरी शर्टाच्या खिशात अजून कार्बन पेपर बाळगतात. कधी कशाची दुसरी प्रत लागेल सांगता येत नाही म्हणे.

आमच्याकडं बाईचं नाव कागदावर एकटं जात नाही. आधी तिचं नाव, मग ‘भ्र.’, मग नवऱ्याचं नाव. सातबारा बघा, मतदार यादी बघा, बँकेचं पासबुक बघा. भ्र. म्हणजे भ्रतार. साहेबांनी अकराच्या अकरा बायांची नावं तशीच लिहून पाठवली होती. छपाईवाला तरुण, हुशार, मदतीला तत्पर. त्याला वाटलं, घाईत अर्धाच शब्द लिहिलाय, आपण पुरा करू. त्यानं सगळीकडं भ्र.चं ‘भ्रमणध्वनी’ केलं. तेव्हा गावातली पहिली शिकलेली सुईण, खाली भ्रमणध्वनी, पुढं तिचे कैलासवासी यजमान. एसटीत तिकिटं फाडणारी पहिली बाई, भ्रमणध्वनी, पुढं तिचा नवरा, जो जन्मात कुणाच्या हाकेला ‘ओ’ देत नव्हता. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात टीप: ‘नंबर अपूर्ण आहेत, कृपया कळवावे.’

मी एवढी हसले की समोरच्या दवाखान्यातला कंपाउंडर सुई घेऊन दारात आला.

हसता हसता माझी नजर सातव्या फलकावर गेली. स्वतःच्या ओसरीवर मुलींची पहिली शाळा भरवणारी बाई. तिचं नावच सापडलं नव्हतं. दप्तरात जी एक नोंद होती तिच्यात आधी मोकळी जागा, मग भ्र., मग नवरा. छपाईवाल्यानं प्रामाणिकपणे ती मोकळी जागा तशीच ठेवून खाली भ्रमणध्वनी आणि पुढं नवऱ्याचं नाव छापलं होतं. मी उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. मला एका जागी बसवत नाही अशा वेळी. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण खुर्चीवर बसून एक तास घेतला असेल तर शपथ.

“साहेब, सगळ्यांचं भ्र. काढून टाका.”

“आणि ओळखायची कशी? एका नावाच्या पन्नास बाया आहेत वसमतात. भ्र. असल्याशिवाय नाव पक्कं होत न्हाई. भ्र. न्हाई तर पाटी न्हाई.”

“बरं. मग आणखी एक सांगते. बारावी पाटी लागते आपल्याला.”

“कुणाची?”

“मोंढ्यातल्या कानवाल्यांच्या घरातली. खाला.”

साहेबांनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की समजावं, आता नामंजूर होणार. “बाई, कानवाले शेठ मला माहीत आहेत. हळकुंड मोडून कानाला लावायचे आणि सांगायचे, वाळलंय का न्हाई. अख्खा मोंढा त्यांच्या कानावर चालायचा. त्यांच्या घरातल्या बाईंनी काय केलं?”

“तो कान खालाचा होता.”

कमिटीत खसखस पिकली. दोष माझाच होता. मी सांगितलेलं निम्मं कमी करून ऐकायचं, असा गावात रिवाज आहे. मागच्या स्मरणिकेत मी एक लेख दिला होता: आसना नदीला महापूर, म्हशीच्या पाठीवर बसून टपालाची थैली पैलतीरी नेणारी आमची वीरांगना. छापून झाल्यावर कळलं की म्हैस नव्हती, पाणी गुडघ्याएवढं होतं, आणि ती बाई लग्नाला चालली होती. थैलीत बुंदी होती. वीरांगना होती हे मात्र मी अजून म्हणते. बुंदी कोरडी पोचवली तिनं.

“पुरावा?” साहेब म्हणाले. “तुमच्या तोंडचा सोडून.”

“देते.”

“तीन दिवस. चौथ्या दिवशी नमुना छपाईला जातो.”

आता तुम्हाला सांगते, यावेळी मी मीठमसाला लावत नव्हते. म्हणजे थोडा लावला असेल, पण मूळ भाजी खरी होती.

माझे वडील मोंढ्यात, म्हणजे आमच्या धान्य-हळदीच्या बाजारात, मापाडी होते, अडत दुकानात माल तोलून देणारे. आमची खोली कानवाल्यांच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत. मार्च लागला की हळदीच्या गाड्या यायच्या, कुरुंद्यापासून, डोंगरकड्यापासून, आणि गल्लीतली मांजरंसुद्धा पिवळी व्हायची. मी आठ-नऊ वर्षांची असेन. दुकानाच्या मागं कानवाल्यांचं घर, आणि दोन्हींच्या मधल्या दारात एक जाड पडदा. बाहेर पुरुषांचा गलका, आत शेठची बायको, जिला अख्खी गल्ली खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. पोरींना आतबाहेर मोकळीक असते, म्हणून मी दोन्ही बाजू बघितल्या.

बाहेर असं दिसायचं: शेतकऱ्यानं पोतं उघडलं की शेठ दोन-तीन हळकुंडं उचलायचे, एक स्वतः मोडायचे, कानाशी धरायचे, डोळे मिटायचे. लोक श्वास धरायचे. मग शेठ म्हणायचे, “जरा पान खाऊन आलो.” उरलेली हळकुंडं मुठीत तशीच. आत यायचे, पडद्यातून मूठ पुढं करायचे. खाला तांदूळ निवडत असेल तर हात झटकायची, हळकुंड घ्यायची, कटकन मोडायची, आणि दोनच शब्दांतला एक शब्द बोलायची. ‘हौ’ किंवा ‘नक्को’. शेठ पान न खाता बाहेर जायचे आणि भारदस्त आवाजात सौदा सांगायचे.

सांगते ते ऐका, त्या काळात वसमतच्या हळदीचा सौदा हौ आणि नक्को या दोन शब्दांवर चालायचा, आणि ते दोन शब्द ज्या तोंडातून निघायचे ते तोंड मोंढ्यानं कधी बघितलं नाही. मी पुढं शाळेत, लग्नात, बसमध्ये, जिथं माणूस सापडेल तिथं हे सांगत आले. सांगता सांगता खालाचा कान वाढत गेला. एक कट ऐकून ती शेत कुठलं ते सांगायची. मग विहीर सांगायला लागली. शेवटी शेवटी तर, हळद उकडली त्या दिवशी त्या घरातली सून सासूशी भांडली होती का, इथपर्यंत तिचा कान पोचला. हे शेवटचं मी घातलं. कबूल.

पहिल्या दिवशी मी मोंढ्यात गेले. दुकानावर शेठचं नाव आहे तसंच, गादीवर त्यांचा मुलगा. आता पंचावन्नचा असेल. लहानपणी आम्ही एकाच गल्लीत लपाछपी खेळलोय, म्हणून मला आक्का म्हणतो. ओलावा मोजायचं यंत्र कोपऱ्यात पडलेलं असतं, पण हळकुंड तोही कानालाच लावतो. गिऱ्हाईकाला ते आवडतं.

मी भिंतीचं सांगितलं. त्यानं चहा मागवला, चहा येईपर्यंत हसत होता, चहा आल्यावर हसायचा थांबला.

“आक्का, एक सांगू? अब्बाचा कान म्हणजे आमची दुकान. मोंढ्यात लोक अजून म्हणून राहिले, कानवाल्याकडं माल घाला, फसवणार न्हाई. तुमी पाटी लावून सांगणार, कान त्यांचा नव्हताच. म्हणजे माझा बाप खोटा होता?”

“खोटा कशाला? तो विचारायला आत जात होता. किती नवरे जातात?”

“ते बराबर हाय. पण पाटीवर ते दिसत न्हाई. पाटीवर एवढंच दिसतं की कान दुसऱ्याचा होता.”

चहा न संपवताच मी मागच्या दारानं घरात गेले.

खाला अंगणात बाजेवर बसली होती. वय पंच्याऐंशी की नव्वद, तिलाही माहीत नाही. मी वाकून म्हटलं, “खाला, ओळखलं का?”

“जोर से बोल.”

मी जोरात बोलले. शेजारच्या बाईनं कुकर बंद केला. “ओळखलं का?”

“और जोर से.”

कान गेले होते. पुरेच गेले होते. ज्या कानाची मी जन्मभर जाहिरात केली तो कान आता दारावरची थापसुद्धा ऐकत नव्हता. मी तिच्यासमोर उभी राहून हातवारे करत, भिंत, पाटी, नाव, मोंढा, सगळं सांगितलं. गल्लीतल्या प्रत्येक घराला माझा बेत कळला. खालाला किती कळला कोण जाणे. शेवटी ती म्हणाली, “मापाडी की बेटी ना तू? किसकू पड़ी है?”

म्हणजे कुणाला पडलीय याची. मी सांगणार होते की मला पडलीय. पण ओरडून ओरडून घसा बसला होता.

त्या दिवसापासून माझी चाल बिघडली. घरात पाय ठरेना. भाजी आणायला निघायची आणि मोंढ्यात पोचायची. मोंढ्यात पोचायची आणि कशाला आले ते आठवून परत फिरायची. वाचनालयापुढून चारदा गेले, भिंत बघून आले. भिंतीला नुसता पांढरा रंग दिला होता, आणि त्या पांढऱ्या रंगात मला ती सातवी, नाव नसलेली बाई दिसायला लागली. आज खाला राहिली तर उद्या तिच्याही जागी तसंच होणार: आधी मोकळी जागा, मग भ्र., मग शेठ. आणि साक्षीदार कोण, तर मी. म्हशीवाली.

दुसऱ्या दिवशी मी जुने हमाल शोधले. एक सापडला. त्याला शेठचं पान आठवत होतं. पडदाही आठवत होता. “आत काय व्हायचं ते आमाला काय माहीत बाई? आमी बाहेरचे.”

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचाच फोन. “बाई, मी स्थळपाहणीला येतो.”

“कशाची स्थळपाहणी?”

“तुमच्या त्या दाव्याची. कागद न्हाई, साक्षीदार न्हाई, मग जागेवर जाऊन पंचनामा करतात. तशी पद्धत आहे.”

मला त्या माणसाची पहिल्यांदाच दया आली, आणि थोडा अभिमानसुद्धा वाटला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतांच्या बांधावर उभं राहून पंचनामे केले, आता एका हळकुंडाचा करायला निघाले. आले तेव्हा वही होती, दोन पेनं होती, आणि कार्बन होता.

“एक तास थांबतो,” त्यांनी घड्याळ बघितलं. “संबंधित व्यक्तीनं हजर राहून सांगावं.”

मी मागच्या दारानं आत गेले. खाला बाजेवर. “साहेब आलेत. बाहेर या,” मी ओरडले. तिनं डोक्यावरची ओढणी नीट केली आणि बसून राहिली. मी बाहेर आले. पुन्हा आत गेले. पुन्हा बाहेर. दुकानातला पोत्यावर झोपलेला कुत्रा माझ्याकडं बघून दमला. जिथं पूर्वी पडदा होता तिथं आता लोखंडी दार आहे, ते मी इतक्यांदा उघडलं-लावलं की मुलगा शेवटी म्हणाला, “आक्का, बिजागरी जाईल.”

तेवढ्यात कुरुंद्याचा एक शेतकरी टेम्पो घेऊन आला. पोती उतरली. एक उघडलं. हळद बघायला झकास, पॉलिश केलेली, नवरीसारखी. मुलानं एक हळकुंड उचललं, मोडलं, कानाशी धरलं, डोळे मिटले. हुबेहूब बाप.

“हाय चांगली. वाळलीय.”

“मंग?” शेतकरी खूश झाला.

आणि मागचं दार उघडलं. खाला आली. एक हात भिंतीला, दुसऱ्यात काठी. साहेब उठून उभे राहिले. दुकानातली माणसं सरकली. ती पोत्यापाशी आली, वाकायला वेळ लागला, पण वाकली. एक हळकुंड घेतलं. कानाकडं नेलंच नाही. दोन्ही हातांच्या बोटांत धरून सावकाश मोडलं. मग दुसरं.

“नक्को,” ती म्हणाली.



“काहून नक्को?” शेतकऱ्याचा चेहरा पडला. “म्हातारीला ऐकू तरी येतंय का?”

“न्हाई येत,” मुलगा हळूच म्हणाला.

“मंग हिला कळलं कशावरून?”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. “बाई, तुम्ही तर म्हणाला होतात, कान त्यांचा.”

खाला आमच्या तोंडांकडं बघत होती. तिला सगळं ऐकू न येताही कळलं असावं, कारण ती हातातले दोन तुकडे पुढं करून म्हणाली, “कान नै. हात. गीली रैती तो टूटने के पैले मुड़ती. सूखी मुड़ती नै, टूटतीच.” ओली असली की मोडायच्या आधी वाकते. वाळलेली वाकत नाही, मोडतेच. मग मुलाकडं बघून पुढं म्हणाली, “तुमारे अब्बा कान को लगाते थे. लोगां को अच्छा लगता था.”

पन्नास वर्षं मी कानाची गोष्ट सांगितली. विहीर ओळखणारा कान, सासू-सुनेचं भांडण ओळखणारा कान. अख्खा तालुका हसवला, आणि पडद्याआडचा तो हात माझ्या डोळ्यांसमोर असून मी एकदाही बघितला नाही. मीसुद्धा शेठचंच ऐकलं होतं, फक्त कान त्यांच्या डोक्यावरून काढून खालाच्या डोक्याला चिकटवला होता.

“तपासून बघा,” साहेब म्हणाले. त्यांना आता जोर चढला होता. “समक्ष तपासा. मी लिहितो.”

मुलानं आतून बत्ता आणला. पोत्याच्या मधोमध हात घालून मूठभर काढली आणि एकेक फोडली. पहिलं ठीक. दुसरं फोडलं, गाभा काळपट, ओलसर. तिसरंही तसंच. त्यानं फोडलेले तुकडे शेतकऱ्याच्या तळहातावर ठेवले. शेतकऱ्यानं एक तुकडा नखानं खरवडून बघितला.

“मधी दोन दिवस आभाळ आलं व्हतं,” तो म्हणाला. “वाळायच्या आधी भरली. पाहुणे येऊन राहिले होते ना, अंगण मोकळं करायचं व्हतं.”

“चार दिवस आणखी वाळव,” मुलगा म्हणाला. “मग आण. मीच घेतो.” आणि आईकडं न बघता, मोठ्यानं, पण तिला ऐकू येणार नाही एवढ्याच आवाजात पुढं म्हणाला, “मला कानाला चांगली वाटली होती.”

साहेब पोत्यावर बसून लिहीत होते. काळ्या कार्बनचा डाग त्यांच्या पांढऱ्या शर्टाला लागला तरी त्यांना पत्ता नव्हता. ‘समक्ष हळकुंड हाताने मोडून पाहिले असता,’ असं त्यांनी मोठ्यानं वाचलं, खाडाखोड केली, पुन्हा वाचलं. शेतकऱ्याची सही घेतली. पोती उतरवणाऱ्या हमालाचा अंगठा घेतला. मुलापुढं वही धरली तेव्हा त्यानं पेन हातात घेतलं आणि थांबला.

मी त्याच्याकडं बघत होते. हे सगळं त्या एका सहीवर येऊन थांबलं होतं. दुकानावर उन्हात पिवळा पडलेला बापाचा बोर्ड, आत काठी धरून उभी आई, आणि मधे हा, दोघांचा. मला वाटलं आता वही परत देणार. मी काहीतरी बोलणारच होते, तोंडात आलंही होतं, आणि जन्मात पहिल्यांदा मी ते गिळलं.

त्यानं सही केली. मग साहेबांना म्हणाला, “फक्त एक करा साहेब. अब्बाचं नाव राहू द्या. भ्र. लावा. मग कुणी काही म्हणणार न्हाई.”

“तेच तर मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय,” साहेब खूश झाले. “भ्र. आहेच. नियमच आहे.”

“ज्यांची पाटी त्यांना विचारा की,” मी म्हटलं.

साहेबांना हे कायद्याच्या दृष्टीनं पटलं. ते उठले, खालाच्या समोर आले, आणि नांदेडच्या छपाईवाल्यावर ओरडले होते तसे ओरडले, “आजी! पाटीवर तुमचं नाव! त्याच्या पुढं भ्र.! भ्र. लावू का?”

“क्या?”

“भ्र.! भ्रतार! तुमच्या मालकांचं नाव! शेठचं! लिहू का तुमच्या नावापुढं?”

तिनं एकदा लेकाकडं बघितलं. तो खाली हळदीकडं बघत होता. मग ती वळली, काठी पुढं टेकवली, आणि आत जाता जाता म्हणाली, “उनका नाम तो दुकान पो हैच.”